लाइट मीटर बंद असलेल्या याशिका मॅट १२४जी कॅमेऱ्याने गिरगावातल्या जुन्या चाळींचे फोटो काढता येतील का?

होय, नक्की काढता येतील, कारण या जुन्या फिल्म कॅमेऱ्याचे शटर पूर्णपणे यांत्रिक असून बॅटरी केवळ प्रकाश मोजणाऱ्या मीटरसाठी लागते. खोताच्या वाडीत आणि ठाकूरद्वारच्या आसपास याच कॅमेऱ्यात ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशसंवेदनशीलता) फिल्म घालून मी स्वच्छ उन्हातल्या दर्शनी भागासाठी एफ/१६ (भिंगाचे छिद्र) व १/५०० सेकंद (शटरगती) आणि चाळीच्या चौकातल्या गडद सावलीसाठी एफ/५.६ व १/१२५ ही मापे वापरत आलो आहे. लाकडी कठड्यामागचे नक्षीकाम दिसायला हवे असेल, तर माप सावलीचे धरावे. निगेटिव्ह फिल्मला एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त प्रकाश पेलतो, कमी प्रकाश मात्र पेलत नाही. मीटरपेक्षा अवघड प्रश्न उभ्या रेषांचा आहे, कारण अरुंद गल्लीत कॅमेरा वर कलवला की गॅलरीचे खांब वरच्या टोकाला एकमेकांकडे झुकलेले दिसतात. त्यामुळे रहिवाशांची परवानगी घेऊन समोरच्या चाळीच्या पहिल्या मजल्यावरून, कॅमेरा समतल धरून फोटो घेणे मला सर्वांत योग्य वाटते. वरून पाहायच्या फाइंडरमध्ये (दृश्य दाखवणाऱ्या काचेत) डावे-उजवे उलट दिसत असल्याने चौकट जुळवायला थोडा सराव लागतो. मात्र जुने वंगण घट्ट झाल्यास १/३० आणि त्याहून मंद शटरगती अडखळते, म्हणून पहिला रोल, म्हणजे १२ फोटो, केवळ चाचणीसाठी राखून ठेवावा.