फ्रीमॉन्टला येताय? आधी मुलाच्या तपासणीचं पत्र

ताई, मुलगा आठ वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालेला. मुलगी ऑक्टोबरात चार पूर्ण करणार. आणि जूनमध्ये तुम्ही ठाण्याहून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टला येताय. शाळांचं कसं होईल, असं विचारलंत.

मुलीचं आधी सांगते. कॅलिफोर्नियाने २०१० च्या कायद्याने किंडरगार्टनच्या वयाची तारीख २ डिसेंबरवरून टप्प्याटप्प्याने १ सप्टेंबरवर आणली. २०२१ च्या कायद्यामुळे आता १ सप्टेंबरपर्यंत चार पूर्ण झालेल्या मुलांना सरकारी शाळेत 'टीके'चं (ट्रान्झिशनल किंडरगार्टन, म्हणजे किंडरगार्टनच्या आधीचं) वर्ष फुकट आहे. तुमची लेक थोडक्यात हुकते. वर्षभराची प्रीस्कूलची फी हिशोबात धरा, इथे ती भारी पडते.

खरी धावपळ मुलासाठी करावी लागेल. तिकडचे सगळे रिपोर्ट आणा, पण डिस्ट्रिक्ट, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था, स्वतःची तपासणी करतंच. ऑगस्टमध्ये शाळा उघडल्या उघडल्या लेखी अर्ज द्या: बोलणं, वागणं, हातांची कामं, अभ्यास, सगळ्याची तपासणी हवी. पत्र पोचल्यापासून १५ दिवसांत तपासणीचा आराखडा यायला हवा आणि तुम्ही त्यावर सही दिल्यापासून ६० दिवसांत आयईपीची (मुलाला कोणत्या सेवा मिळतील त्याच्या लेखी योजनेची) मीटिंग. मोठ्या सुट्ट्या यात धरत नाहीत. मुलगा घरी मराठीच बोलत असेल तर तसं स्पष्ट लिहा, नाहीतर इंग्रजी न येणं हीच अडचण समजली जाते. मीटिंगला दुभाषा मागा, त्याचे पैसे लागत नाहीत.

पैशांबद्दल नीट समजून घ्या. १९९७ च्या कायद्यानुसार इथे विशेष शिक्षणाचा राज्याचा निधी मुख्यतः एकूण विद्यार्थ्यांच्या हजेरीवर ठरतो, गरजू मुलांच्या संख्येवर नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९७५ मध्ये दर विद्यार्थ्यामागच्या देशातल्या सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत वाटा उचलायचं ठरवलं, तिथपर्यंत ते कधीच पोचले नाहीत. उरलेलं डिस्ट्रिक्ट आपल्या खिशातून भरतं. म्हणून मीटिंगमध्ये स्पीच थेरपीची मिनिटं कमी करायचा प्रयत्न होऊ शकतो. बजेट नाही हे कारण कायद्यात बसत नाही. सेवा मुलाच्या गरजेवरच ठरवायच्या असतात. समोरच्या शिक्षिका बहुतेक वेळा मनापासून मुलाच्या बाजूच्या असतात, त्यांच्याशी भांडू नका. पण तिथल्या तिथे सही करू नका. कागद घरी आणा, वाचा, पटेल तेवढ्या भागालाच संमती द्या.

शाळेचा हा हक्क २२ व्या वर्षापर्यंत. त्यापुढेही आधार हवा असेल तर 'रीजनल सेंटर ऑफ द ईस्ट बे'ला (ऑटिझमसारख्या अडचणी असलेल्यांना मदत देणारी इथली संस्था) वेगळा अर्ज करा. पात्र ठरला तर तिथे वयाची अट नाही. आल्या आल्या, शाळेची वाट न बघता करा.