वाचकांचे प्रश्न : पेट्रोलवर चालणाऱ्या मॉडेल विमानाचे इंधन आणि टाकी

प्रश्न : ग्लो इंजिनानंतर (मिथेनॉलच्या इंधनावर चालणारे) आता ३० सीसीचे टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन घेतले आहे. माहितीपत्रकात पेट्रोल आणि ऑइल यांचे प्रमाण ३०:१ दिले आहे. मित्र मात्र ५०:१ पुरेसे आहे असे सांगतात. ऑइल थोडे जास्त घातले तर इंजिनाला अधिक चांगलेच ना? – एक वाचक, नाशिक

उत्तर : प्रमाण माहितीपत्रकातलेच पाळावे. ३०:१ म्हणजे लिटरभर पेट्रोलला सुमारे ३३ मिलिलिटर ऑइल, आणि ५०:१ म्हणजे २० मिलिलिटर. हे ऑइल हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनासाठीचे, शक्यतो जासो एफडी (टू-स्ट्रोक ऑइलचा जपानी मानक) दर्जाचे असावे. बोटीच्या इंजिनाचे ऑइल येथे चालत नाही. ते झाकणाने अंदाजे न ओतता सिरिंजने मोजावे, आधी थोड्या पेट्रोलमध्ये हलवून मिसळावे आणि मग उरलेले पेट्रोल घालावे.

ऑइल वाढवण्याबद्दल मात्र सावध राहावे. कार्बोरेटरच्या छिद्रातून जाणाऱ्या द्रवात ऑइलचा वाटा वाढला की पेट्रोलचा वाटा तेवढाच कमी होतो, म्हणजे हवेच्या मानाने मिश्रण ‘लीन’ (इंधन कमी, हवा जास्त) होते आणि इंजिन अधिक तापते. फरक थोडा असतो. तरीही प्रमाण बदलले की नीडल, म्हणजे कार्बोरेटरमधले इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू, पुन्हा जुळवून घेणे आवश्यक आहे.

याहून मोठा फरक सध्या पंपावरच्या पेट्रोलमुळे पडतो. त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉलच्या ज्वलनाला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, त्यामुळे इथेनॉलविरहित पेट्रोलवर बसवलेली नीडल आहे तशीच ठेवली तर इंजिन लीन चालते. हाय (जास्त वेगासाठीची) आणि लो (कमी वेगासाठीची) या दोन्ही नीडल किंचित उघडून पाहाव्यात. इथेनॉल हवेतला ओलावाही शोषते, म्हणून पावसाळ्यात मिश्रण घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावे आणि काही आठवड्यांत संपेल एवढेच करावे. तळाशी वेगळा थर दिसला तर ते मिश्रण विमानात मुळीच भरू नये.

प्रश्न : जमिनीवर इंजिन उत्तम चालते, पण टाकी निम्मी झाल्यावर विमानाचे नाक खाली केले की ते अडखळते. हाय नीडल उघडून पाहिली, उपयोग झाला नाही. – एक वाचक, सांगली

उत्तर : नीडल पूर्वीच्या जागी आणावी आणि टाकी बाहेर काढावी, कारण आपण सांगितलेली लक्षणे टाकीकडेच बोट दाखवतात. टाकीतल्या मऊ नळीच्या टोकाला असलेला जड क्लंक (इंधन ओढून घेणारे वजन) इंधन जिकडे जाईल तिकडे घरंगळला पाहिजे. पेट्रोलमध्ये राहून ही नळी काही काळाने कडक होते. मग विमान नाक खाली करून उतरत असताना इंधन पुढे जाते, क्लंक मात्र मागेच राहतो आणि हवा ओढतो. रिकामी टाकी हातात धरून उलटी-सुलटी करून पाहावी. क्लंक प्रत्येक कोपऱ्यात सहज पोहोचला नाही, किंवा मागच्या भिंतीला अडकून बसला, तर नळी बदलावी आणि क्लंक भिंतीपासून थोडा अलीकडे राहील अशा बेताने तिची लांबी ठेवावी.

त्याच वेळी बूच आणि नळ्यांचा प्रकारही तपासावा. ग्लो इंधनासाठीची सिलिकॉनची नळी आणि बूच पेट्रोलमध्ये फुगतात; पेट्रोलसाठी टायगॉन किंवा व्हायटॉनची नळी आणि पेट्रोलला टिकणारे बूच लागते. पितळी नळीच्या टोकाला सोल्डरने बारीक कडे केले आणि त्यावर बसवलेली नळी तारेने बांधली तर ती निसटत नाही. येथे केसाएवढी फट राहिली तरी त्यातून इंधन गळेलच असे नाही, पण हवा आत येते. इंजिन चालू असताना टाकी आणि कार्बोरेटर यांमधल्या नळीत बुडबुडे दिसत असतील तर आधी हीच फट शोधावी. टाकीखाली फोमचा थर द्यावा, कारण थरथराटानेही पेट्रोलला फेस येतो.

हे सर्व ठीक असेल तर कार्बोरेटरचे एका स्क्रूचे झाकण उघडून आतली बारीक जाळी पाहावी. कचरा बहुधा तिथेच साठलेला असतो.

प्रश्न : मफलरचा (सायलेन्सरचा) दाब टाकीला जोडावा का? टाकी इंजिनाला लागूनच हवी का? – एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्हींची गरज नाही. वॉल्ब्रो प्रकारच्या कार्बोरेटरमध्ये क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या पोकळीतल्या) दाबाच्या ठोक्यांवर चालणारा डायफ्रॅम (लवचिक पडद्याचा) पंप असतो, त्यामुळे टाकी विमानाच्या गुरुत्वमध्याजवळ ठेवता येते. अर्धा लिटर पेट्रोलचे वजन साधारण ३७० ग्रॅम भरते; टाकी नाकात ठेवली तर इंधन संपत जाताना तेवढ्या वजनाने विमानाचा तोल बदलतो. व्हेंटची (टाकीत हवा येण्याची) नळी टाकीच्या वरून वळसा देऊन विमानाच्या पोटाखाली उघडी सोडावी आणि इंधन भरल्यावर तिला लावलेली खुंटी उड्डाणापूर्वी आठवणीने काढावी.