वाचक विचारतात : कॉलेजच्या कॉयरचा ‘मेसाया’

प्रश्न : आमच्या कॉयरमध्ये (समूहगायनाच्या गटात) ३६ मुलं-मुली आहेत, टेनर (उंच पट्टीत गाणारे पुरुष आवाज) मात्र पाचच. संगीतकार हँडेलचा ‘मेसाया’ (कॉयर, एकल गायक आणि वाद्यांसाठीची मोठी धार्मिक रचना) पियानोच्या साथीनं चर्चमध्ये रेकॉर्ड करायचा आहे. दोन दिवस पुरतील का? माइक किती लागतील? (वसई)

उत्तर : पूर्ण ‘मेसाया’ घेऊ नका. तो जवळपास अडीच तासांचा आहे. तीन तासांच्या सत्रात हौशी कॉयरचं दहा-बारा मिनिटांचं गाणं नीट हाती लागलं, तरी सत्र उत्तम झालं म्हणायचं. दोन दिवसांत चार सत्रं धरा, म्हणजे पहिल्या भागातले निवडक कोरस (समूहगानं) आणि ‘हालेलुया’ हा गाजलेला कोरस आरामात बसतील. ‘हालेलुया’त सोप्रानो (सर्वांत उंच पट्टीतल्या मुली) पायरी-पायरीनं वरच्या ‘जी’ सुरापर्यंत चढतात, तेव्हा ते पहिल्या तासाभरात, गळे तापले की लगेच घ्या. दमलेला गळा तिथे हमखास उतरतो.

माइक दोनच, पण एकाच मॉडेलचे, कार्डिऑइड कंडेन्सर (मुख्यतः समोरचा आवाज टिपणारे संवेदनशील माइक). दोघांत १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन ठेवा. स्टँड पहिल्या रांगेपासून अडीच-तीन मीटरवर, उंची साधारण तीन मीटर, रोख मागच्या रांगेकडे. माइक खाली राहिला तर पुढच्या दोन-तीन मुलींचेच गळे ऐकू येतात. पाच टेनरना पुढे मधोमध उभं करा; इतरांना ‘हळू गा’ सांगून तोल साधायला गेलात तर सगळ्यांचाच आवाज दबतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर घ्या आणि सगळ्यात मोठा सूर मीटरवर उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

पंखे बंद हवेतच. दिवसा कावळे आणि हॉर्न सुटत नाहीत, म्हणून रात्री नऊनंतर बसलेलं बरं. ‘हालेलुया’च्या अगदी शेवटी, अखेरच्या संथ उद्गाराआधी, सगळे एकदम थांबतात. त्या क्षणी चर्चचा घुमारा एकटाच ऐकू येतो. रेकॉर्डिंगमधली ही सर्वांत सुंदर जागा, आणि नेमकं इथेच कुणीतरी आधी घुसतं किंवा पान उलटतं. हे शेवटचं पान सगळ्यांना पाठच असू द्या.

‘हालेलुया’तल्या ‘किंग्ज’, ‘लॉर्ड्‌स’ या शब्दांचा शेवट छत्तीस जणांनी छत्तीस वेळी उच्चारला की माइकवर नुसती सळसळ उरते. तो फक्त मधल्या रांगेनं, हाताच्या खुणेवर म्हणायचा; बाकीच्यांनी त्याआधीच्या ‘इ’ किंवा ‘ऑ’ या स्वरावर थांबायचं.

चुकलं तर चुकलेल्या शब्दापासून नव्हे, चार बार (तालाचे खंड) आधीपासून पुन्हा गा. नाहीतर जोडाच्या जागी आधीच्या सुरांचा घुमारा नसतो आणि तो जोड कानाला लगेच कळतो.

प्रश्न : ‘मेसाया’तल्या ‘सिन्स बाय मॅन’ या कोरसमध्ये साथ सुरू झाली की आम्ही बेसूर ठरतो. का? (पणजी)

उत्तर : कारण त्याची संथ सुरुवात हँडेलनं साथीशिवाय ठेवली आहे. तेवढ्यात कॉयर पाव सूर उतरते आणि पुढे वाद्यं आली की ती उतरण उघडी पडते. बहुधा बेस (सर्वांत खालच्या पट्टीतले पुरुष आवाज) आधी खाली जातात आणि बाकीचे त्यांच्या मागून. तालमीत प्रत्येक ओळीच्या शेवटी पियानोवर एक सूर वाजवून ताडून बघा, आणि दोन ओळींमधला श्वास घाईनं घेऊ नका. रेकॉर्डिंगला संथ भाग आणि साथीचा भाग सलग एकाच टेकमध्ये घ्या. सॉफ्टवेअरनं संथ भाग वर उचलता येतो, पण आवाजाचा पोत बदलतो.

प्रश्न : ‘मेसाया’चं रेकॉर्डिंग इंटरनेटवर टाकायला परवानगी लागते का? (नाशिक)

उत्तर : हँडेल १७५९ साली वारला, त्यामुळे मूळ रचना मोकळी आहे. पण नव्यानं संपादित केलेल्या स्वरलिपीवर प्रकाशकाचा हक्क असू शकतो, म्हणून तिच्या झेरॉक्स वाटू नका; जुन्या, हक्क संपलेल्या आवृत्तीवरून गा. विकतची तयार साथ वापरलीत तर त्या रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा असतो, तिची लेखी परवानगी आधी घ्या.