गोल्डन घरी येण्याआधी

प्रिय,

शनिवारी ती तुझ्याकडे येतेय. ब्रीडरकडून सोडवलेली गोल्डन रिट्रीव्हर मादी, दातांवरून अंदाजे सहा वर्षांची, वजन २४ किलो, नसबंदी झालेली नाही. फोस्टरिंगची, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायची, तुझी ही पहिलीच वेळ, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे ऐक. पहिला आठवडाभर ती इतकी शहाण्यासारखी वागेल की तू सगळ्यांना सांगत सुटशील, "काही म्हणजे काही त्रास नाही तिचा." त्यावर जाऊ नको. भीतीने गोठलेला कुत्रा आणि स्वभावाने शांत कुत्रा लांबून सारखेच दिसतात. शांत कुत्रा कुशीवर पाय सोडून झोपतो आणि डबा उघडला की उठतो. गोठलेला पाय पोटाखाली घेऊन बसतो, पंख्याखालीही धापा टाकतो, सारखे ओठ चाटतो आणि तुझ्या देखत घास घेत नाही. तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा रुळण्याचा एक ढोबळ हिशोब सगळे सांगतात. पैदाशीसाठी पिंजऱ्यात ठेवलेल्या मादीला तो कमीच पडतो. तिने जिना, आरसा, कुकरची शिट्टी, मऊ गादी यांतलं काही पाहिलेलंच नसतं. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार मादीकडून आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा पिल्लं घेता येत नाहीत, आठ वर्षांनंतर तर अजिबात नाही. पण मोजायला कोण जातंय? पिल्लं कमी व्हायला लागली की तिला रस्ता दाखवतात.

गाडीतून उतरवताना गळ्यात पट्टा आणि अंगावर हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा), दोन्ही हवेत, दोघांना वेगवेगळी दोरी. गोल्डनच्या मानेचे केस दाट असतात. पट्टा घट्ट वाटतो, आणि घाबरून मागे सरली की डोक्यावरून निघून येतो. केसांच्या आतून दोन बोटं जातील एवढाच सैल ठेव. घरातही पहिले पंधरा दिवस सेफ्टी डोअर बंद असल्याशिवाय मुख्य दार उघडायचं नाही. पळालेले फोस्टर कुत्रे बहुतेक पहिल्या काही दिवसांतच पळतात, कारण परत यायचं घर कोणतं हे त्यांना अजून ठाऊकच नसतं.

फरशीकडे लक्ष दे. मार्बल किंवा व्हिट्रिफाइड टाइलवर तिचे मागचे पाय फाकतील, आणि या जातीत खुब्याचं दुखणं मुळातच जास्त. पाण्याच्या भांड्यापासून झोपायच्या जागेपर्यंत सतरंज्या किंवा जुन्या योगा मॅट टाक, खाली रबर असलेल्या. नाहीतर ती एका जागी बसून राहील आणि तुला वाटेल आळशी आहे.

खाण्यात घाई सगळ्यात महाग पडते. हाडं दिसणाऱ्या कुत्र्यापुढे आपण भरलेलं ताट ठेवतो. बराच काळ उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस झपाट्याने खाली येतं, आणि त्यात कुत्रा दगावू शकतो. २४ किलोच्या कुत्र्याची स्वस्थ बसून असतानाची गरज दिवसाला साधारण ७६० कॅलरी. पहिल्या दिवशी त्याचा पाव हिस्सा, म्हणजे अंदाजे ७५ ग्रॅम शिजलेला भात आणि ५५ ग्रॅम उकडलेलं बोनलेस चिकन, चार वेळांत वाटून. मीठ, हळद, फोडणी काही नको. जुलाब-उलटी नसेल तर दुसऱ्या दिवशी अर्धा हिस्सा, तिसऱ्या दिवशी पाऊण आणि चौथ्या दिवशी पूर्ण. फारच खंगलेली दिसली तर हा वेग डॉक्टरांना ठरवू दे. मग आठवडाभरात हळूहळू डॉग फूड मिसळत जा, कारण नुसत्या भात-चिकनमध्ये कॅल्शियम जवळजवळ नसतंच. शेजारच्या काकू ग्लुकोज बिस्किट घेऊन येतीलच, त्यांना गोड बोलून अडव. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट कधीच नाही.

डॉक्टरकडे पहिल्या दोन दिवसांत ने. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), गोचीडतापासाठी रक्ताची तपासणी, किडनी-लिव्हर आणि पोटाची सोनोग्राफी, एवढं मागून घे. आपल्याकडे सोडवलेल्या कुत्र्यांत गोचीडताप इतका सर्रास असतो की प्लेटलेट कमी आल्या तर नवल वाटू नये. एर्लिकिया, म्हणजे गोचीडतापाचा जंतू, निघाला तर सहसा डॉक्सीसायक्लिन २८ दिवस देतात. पाचव्या-सहाव्या दिवशी ती उड्या मारायला लागते आणि लोक गोळी थांबवतात. तू थांबवू नको, आणि गोळी रिकाम्या पोटी देऊ नको, उलटी होते. गोचिडी चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायच्या आणि स्पिरिटमध्ये टाकायच्या. रॉकेल लावणं, बोटांनी चिरडणं, दोन्ही बंद.

सोनोग्राफी कशासाठी, तर गर्भपिशवीसाठी. नसबंदी न झालेल्या वयस्क मादीत माजानंतर महिना-दोन महिन्यांनी पिशवीत पू होऊ शकतो, त्याला पायोमेट्रा म्हणतात. खूप पाणी पिणं, खाणं सोडणं, उलटी, खालून घाण येणं ही लक्षणं. पिशवीचं तोंड बंद असेल तर बाहेर काहीच येत नाही आणि तो प्रकार जास्त धोक्याचा. अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही. सडांच्या दोन्ही रांगाही बोटांनी चाचपून बघ, वाटाण्याएवढी गाठ लागली तरी डॉक्टरांना दाखव.

आंघोळ पहिल्याच दिवशी नको. त्याआधी कानामागच्या, मांड्यांच्या आणि शेपटीखालच्या जटा सोडवायच्या. ओल्या केल्या की त्या आणखी आवळतात. जटेत कॉर्नफ्लोर चोळ, टोकाकडून मुळाकडे बोटांनी फाकवत ये. सुटलीच नाही तर जट आणि कातडी यांच्यामध्ये कंगवा घाल आणि कंगव्याच्या वरून काप. जट ओढून कात्री चालवली की कातडीही वर येते आणि तीच कापली जाते. उन्हाळा आहे म्हणून अंगभर मशीन फिरवू नको. स्कॉटलंडमध्ये थंड पाण्यातून शिकारीचे पक्षी आणण्यासाठी ही जात तयार झाली, त्यामुळे केसांचे दोन थर असतात, आणि काढलेला थर पुन्हा नीट येईलच असं नाही. पावसाळ्यात मात्र आतला थर मुळापर्यंत कोरडा कर. तिथे ओल राहिली की एका रात्रीत तळहाताएवढा लाल, चिकट चट्टा उठतो.

शू-शी घरात होणार, कारण पिंजऱ्यात झोपायची जागा आणि शू करायची जागा एकच होती. गवतावर नेलीस तरी ती करणार नाही, तिच्या पायांना सिमेंटच ओळखीचं. आधी पार्किंगच्या कडेला ने, मग हळूहळू मातीकडे. उठल्यावर, खाल्ल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी आणि झोपण्याआधी. घरात झालं तर रागावू नको, पुसून टाक. रागावलं की ती फक्त तुझ्यापासून लपून करायला शिकते.

गोल्डन कधी गुरगुरत नाही, असं लोकांना वाटतं. भांड्यासाठी वाट्टेल तेवढी झुंज केलेली मादी गुरगुरेल. भांड्यात हात घालून परीक्षा घेऊ नको. लांबून चिकनचा तुकडा टाक आणि पुढे चालू लाग, रोज दोन-चारदा. आपण जवळ आलो की भर पडते, हे तिला कळू दे. गुरगुरणं दाबलं तर इशाऱ्याची पायरी गळून जाते आणि थेट चावा येतो. आणि रोज थोडा वेळ तिला एकटी ठेव. आधी अर्धा मिनिट, मग दोन, मग पाच. चोवीस तास तुझ्या पायाशी राहिली तर पुढच्या घरी दार लागताच रडून आकांत करेल.

आता दत्तकाचं. देशी कुत्र्याला घर मिळवताना जीव जातो, गोल्डनचा फोटो टाकला की फोन थांबत नाहीत. तुझं खरं काम तिथे "नाही" म्हणण्याचं आहे. "पेपर्स (वंशावळीचे) आहेत का?", "एकदा तरी पिल्लं होतील ना?" असं विचारणाऱ्याला तिथेच रामराम. नसबंदी झाल्याशिवाय तिला कुणाच्याही हाती देऊ नको, ओळखीच्यांच्या सुद्धा. प्लेटलेट कमी असतील तर ऑपरेशन लांबेल, लांबू दे. नुकती माजावर येऊन गेली असेल तर डॉक्टर दोन-तीन महिने थांबायला सांगतील, तेही मान.

बाकीच्यांना विचार: घर भाड्याचं असेल तर मालकाची संमती आहे का, घरातल्या प्रत्येकाला ती हवी आहे का, गावी जाताना कुठे ठेवणार, वर्षभर सोफ्यावर केस चालतील का. घरी जाऊन बाल्कनीचे गज बघ. सोसायटी नको म्हणते असं कुणी सांगितलं तर पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना दाखव, सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. करारात एक ओळ हवीच: जमलं नाही तर ती तुझ्याकडेच परत येईल, परस्पर कुणाकडे जाणार नाही.

देताना न धुतलेलं अंथरूण, आठवड्याचं खाणं, लसींचं पुस्तक आणि तिचं वेळापत्रक सोबत दे. निरोप लांबवू नको. पहिल्या, तिसऱ्या, सातव्या दिवशी फोन कर, भेटायला महिनाभर जाऊ नको. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तिकडून फोन येईल, "आता ती ऐकत नाही, चपला पळवते." ती मोकळी होतेय, असं सांग. गोल्डनला तोंडात काहीतरी धरायला लागतंच, म्हणून दाराशी एक कापडी खेळणं ठेवायला सांग. आणि खरंच परत घ्यायची वेळ आली तर वाद घालू नको, पट्टा आणि हार्नेस घे आणि त्याच दिवशी जाऊन आण.

ता. क. दिवाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत आणि गणपती विसर्जनाच्या सुमारास तिला नव्या घरी पाठवू नको. फटाक्याने बिथरलेला कुत्रा ओळखीच्या घरातसुद्धा कसाबसा टिकतो.