मुलगी अमेरिकेत प्री-मेड करतेय, पाचव्या वर्षी एमएचए जोडून घ्यावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मुलगी न्यू जर्सीत बायॉलॉजी घेऊन तिसऱ्या वर्षाला आहे, डॉक्टर व्हायचं म्हणतेय, आणि तिच्या युनिव्हर्सिटीने ‘चार अधिक एक’ची योजना पुढे केली आहे. चौथ्या वर्षापासूनच मास्टर्सचे काही विषय घ्यायचे आणि पाचव्या वर्षाअखेर हेल्थकेअर मॅनेजमेंटची मास्टर्स, म्हणजे एमएचए, हीही पदरात पाडून घ्यायची. याने मेडिकलचा प्रवेश सोपा होईल का, आणि नाहीच झाला तर ‘हाताशी काहीतरी राहील’ हे खरं का, असं तुम्ही विचारलंय.

मी अगदी हेच केलंय. डॉक्टर झाले नाही. आज एका हॉस्पिटलात ऑपरेशन्सचं काम बघते. तेव्हा माझं उत्तर तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते.

इथे महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी एक खुलासा. अमेरिकेत बारावीनंतर थेट एमबीबीएस नसतं. आधी चार वर्षांची कुठलीही पदवी, मग चार वर्षांचं मेडिकल. ‘प्री-मेड’ ही पदवी नाही. बायॉलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स, बायोकेमिस्ट्री एवढे विषय उरकायचे आणि एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यायची, त्या वाटेचं ते नाव. इतिहास घेऊनही प्री-मेड होता येतं. आपल्याकडे एमबीबीएस झाल्यावर लोक हॉस्पिटल मॅनेजमेंटकडे वळतात. इथे मुलं मेडिकलच्या दाराबाहेर उभी असतानाच ते करू बघतात. तुमच्या मुलीपुढचा पेच तिथेच आहे.

प्रवेश सोपा होतो का? फारसा नाही. मेडिकलचा अर्ज ज्या सामायिक सेवेतून जातो, तिथे पदवीचा जीपीए (म्हणजे ग्रेड्सची सरासरी) आणि मास्टर्सचा जीपीए वेगवेगळे दाखवतात. मास्टर्समध्ये सगळीकडे ए मिळवलात तरी ऑरगॅनिकमधला सी प्लस जागेवरून हलत नाही. शिवाय सायन्सचा म्हणून जो वेगळा जीपीए काढतात, त्यात बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणितच धरतात. फायनान्स, हेल्थ पॉलिसी, ऑर्गनायझेशनल बिहेवियर हे त्यात बसत नाहीत. माझा जीपीए ३.४८ होता आणि एमकॅट ५०८. प्रवेश मिळणाऱ्यांची सरासरी साधारण ३.८ आणि ५१२ च्या घरात असते. ही तफावत एमएचएने बुजेल असं मला वाटलं होतं. जीपीएच सावरायचा असेल तर त्यासाठी सायन्सची वेगळी एका वर्षाची मास्टर्स असतात, त्यांचा विचार करा.

एका बाबतीत मात्र ही योजना खरंच सोयीची आहे. मेडिकलचा अर्ज भरल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंत वर्षभर जातं. चौथं वर्ष संपताना, म्हणजे जूनच्या सुमारास अर्ज दिला, तर पुढचं वाट बघण्याचं वर्ष मास्टर्समध्ये जातं. ती कॅम्पसवरच असते, त्यामुळे युनिव्हर्सिटीच्या प्री-हेल्थ कमिटीचं शिफारसपत्र मिळवायला, प्रोफेसरांना भेटायला धावपळ होत नाही. पण हे गणित जुळायला एमकॅट चौथ्या वर्षाच्या वसंतापर्यंत संपलेली हवी. ती उन्हाळ्यावर ढकलली की बहुतेक एमएचएवाल्यांची उन्हाळी इंटर्नशिप नेमकी तेव्हाच येते. साडेसात तासांची परीक्षा नोकरी सांभाळून देता येत नाही. मी दिली, आणि ५०८ ला त्याचाही हातभार आहे.

आता ऑक्टोबरबद्दल. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते.

एमएचएनंतर चांगल्या हॉस्पिटलांत शिरायची नेहमीची वाट म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह फेलोशिप. एक किंवा दोन वर्षं, मोठ्या साहेबांच्या हाताखाली. तिचे अर्ज शेवटच्या वर्षाच्या शरद ऋतूत, मुलाखती ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मेडिकलच्या मुलाखतीही त्याच काळात. माझ्याकडे सूट एकच होता, त्यामुळे ड्रायक्लीनरशी चांगली ओळख झाली.

माझा मास्टर्सचा प्रोजेक्ट होता ‘पेशंटला घरी सोडा’ असा डॉक्टरांचा आदेश निघाल्यापासून पलंग पुढच्या पेशंटसाठी तयार होईपर्यंत नेमका वेळ कुठे जातो याचा. एका मजल्यावर सहा आठवडे वही आणि घड्याळ घेऊन बसले होते. सकाळी दहाला आदेश, आणि पेशंट खाली उतरतो दुपारी साडेतीनला. का? तर घरच्या ऑक्सिजनचं मशीन आलेलं नाही, किंवा मुलाची शिफ्ट तीनला संपते आणि गाडी त्याच्याकडे आहे. पेशंट गेल्यावरही पलंग पाऊण तास तसाच, कारण खोली रिकामी झाल्याची नोंद नर्सने कंप्युटरवर केल्याशिवाय सफाईवाल्यांना निरोप जात नाही, आणि नर्स तेव्हा औषधं वाटत असते. इकडे खाली इमर्जन्सीत माणसं स्ट्रेचरवर ताटकळत. व्हीलचेअर नेणाऱ्या माणसानेच ती नोंद करावी, असं आम्ही सुचवलं. अडलेली गोष्ट एवढीशी होती.

मेडिकलच्या मुलाखतीत मी हे दहा मिनिटं रंगवून सांगितलं. समोरचे वयस्कर डॉक्टर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, छान काम आहे, पण त्या पलंगावरच्या माणसाबद्दल तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत. मी आठवायला लागले. ऑक्सिजनचं मशीन आठवलं, मुलाच्या गाडीचा रंगसुद्धा आठवला. माणूस आठवेना.

त्यानंतर दहा दिवसांनी फेलोशिपची मुलाखत. तिथे विचारलं, तुमच्या रेझ्युमेवर प्री-मेड दिसतंय, वर्षभराने आम्हाला सोडून जाल का? मी ‘नाही’ म्हणाले, आणि म्हटल्यावर माझं मलाच आश्चर्य वाटलं. त्या वर्षी मेडिकलच्या एकवीस कॉलेजांत अर्ज केले होते. दोन मुलाखती, एक वेटलिस्ट, प्रवेश एकही नाही. फेलोशिप मिळाली. दुसऱ्यांदा अर्ज केलाच नाही.

म्हणून ‘हाताशी राहील’ या तुमच्या शब्दाशी मी थोडी अडखळले. आमच्या मंडळाच्या गणपतीत एक काकू दरवर्षी विचारतात, “मग मेडिकल नाहीच जमलं का गं?” त्यांच्या लेखी माझी नोकरी म्हणजे डॉक्टरकीचं उरलंसुरलं. या क्षेत्रात असं कुणी मानत नाही, आणि ‘हा आपला राखीव पर्याय आहे’ असा वास आला की मुलाखतीतच कळतं. मला शेवटी हेच काम आवडतं हे कळलं, हा नशिबाचा भाग. माझ्याच वर्गातल्या एकीने असंच एमएचए केलं, फेलोशिप वगैरे नाकारली, दोन वर्षं रक्त काढायचं काम करत पुन्हा अर्ज केला आणि आज रेसिडेन्सीत, म्हणजे मेडिकलनंतरच्या हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणात आहे. तिला एमएचएने काय दिलं असं विचारलं, तर हसते आणि कर्जाचा हप्ता सांगते.

कर्जावरून आठवलं, आणि हे नवीन आहे. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांसाठी ग्रॅड प्लस ही पदवीनंतरच्या शिक्षणासाठीची सरकारी कर्जयोजना बंद. मास्टर्ससाठी सरकारी कर्ज वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंत, मेडिकलसाठी वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख. त्यातली मेख अशी की मास्टर्ससाठी उचललेली रक्कम मेडिकलच्या त्या २ लाखांतून वजा होते. खासगी मेडिकल कॉलेजचा चार वर्षांचा सगळा खर्च ३ लाखांच्या पुढे सहज जातो. म्हणजे आज मास्टर्ससाठी घेतलेले २० हजार उद्या मेडिकलला कमी पडतील, आणि ते बँकेकडून व्याजाने घ्यावे लागतील. हे नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांसाठी. मुलगी स्टुडंट व्हिसावर असेल तर प्रश्नच वेगळा, कारण बरीच मेडिकल कॉलेजं अशा मुलांचा अर्जच बघत नाहीत, आणि तशा वेळी एमएचएचं पारडं जड होतं.

माझं मत विचाराल तर, मुलीला डॉक्टरच व्हायचंय हे तिचं तिला पक्कं ठाऊक असेल, तर आत्ता नको. मेडिकलला असतानाच एक वर्ष वाढवून एमबीए जोडता येतं, किंवा डॉक्टर झाल्यावर करता येतं, आणि तेव्हा कधीकधी हॉस्पिटलच पैसे भरतं. पेशंट पाहिलेला मॅनेजर आम्हाला फार हवा असतो. पण ती हॉस्पिटलात व्हॉलंटिअरिंग करून घरी आल्यावर पेशंटपेक्षा रांगांबद्दल, फॉर्मबद्दल, ‘इथे असं का करतात’ याबद्दल चिडून बोलत असेल, तर एमएचएला घालाच. मेडिकलचा अर्ज मग जमला तर करू द्या.

घालायचं ठरलं तर आधी डिपार्टमेंटला तीन गोष्टी विचारा. हा एमएचए कोर्स सीएएचएमईची (अशा कोर्सना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेला आहे का, कारण बऱ्याच फेलोशिपना ती लागते. चौथ्या वर्षी तिने नाद सोडला तर घेतलेले मास्टर्सचे विषय बॅचलर्समध्ये धरतात का. आणि पाचव्या वर्षी तिची आत्ताची स्कॉलरशिप चालू राहते का. आमच्या वेळी शेवटच्या प्रश्नाला ‘हो, बहुधा’ असं तोंडी उत्तर मिळालं होतं, आणि ऑगस्टमध्ये बिल आलं तेव्हा ते ‘बहुधा’ निघालं. त्यामुळे उत्तरं ईमेलवर घ्या.