'अरेंज' या इंग्रजी क्रियापदाचा नेमका अर्थ काय?

मुळात 'रांगेत लावणं'. जुन्या फ्रेंचमधून आलेला शब्द, 'रँक'चा सख्खा भाऊ. कपाटात पुस्तकं नीट लावली, फुलदाणीत फुलं रचली, की 'अरेंज'. हा अर्थ सोपा.

रोजच्या बोलण्यात मात्र दुसरा जास्त चालतो: आधी ठरवून ठेवणं, सोय करणं. 'आय हॅव अरेंज्ड अ मीटिंग फॉर मंडे', म्हणजे सोमवारची बैठक ठरवली आहे. आपण अडखळतो ते माणूस मध्ये आला की. 'तुम्हाला घ्यायला कोणीतरी येईल अशी व्यवस्था केली आहे' याचं इंग्रजी 'आय हॅव अरेंज्ड फॉर समवन टू पिक यू अप'. तो 'फॉर' गाळायचा नाही, गाळला की वाक्य लंगडतं.

'पैसे अरेंज कर' ही आपली खास देशी लकब, लंडनचा माणूस तिथे बहुधा 'गेट द मनी टुगेदर' म्हणेल. अरेंज्ड मॅरेजबद्दल वेगळं सांगायला नकोच!

संगीतातही हा शब्द आहे. अनिल मोहिले अरेंजर म्हणून प्रसिद्ध होते. चाल संगीतकाराची, पण व्हायोलिन कुठे शिरेल, बासरी कुठे थांबेल, ते अरेंजर ठरवतो.