सकाळच्या वाचन-सरावाला पोरं जांभया देतात, काय करू?

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी चोपडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली-दुसरी एकत्र बसतात, सव्वीस मुलं. परिपाठ झाला की रोज पंधरा मिनिटं वाचनाचा सराव घेते, अक्षरकार्डं, बाराखडी, मग फळ्यावरचे शब्द सगळ्यांनी मोठ्याने. जूनमध्ये पोरं उड्या मारायची, आता दिवाळी झाली तर कोणी जांभया देतंय कोणी खिडकीबाहेर बघतंय. रोज नवीन खेळ कुठून आणू? आणि बरीच मुलं केळीला 'केयी' म्हणतात, सुधारून सुधारून माझा घसा बसतो.

उत्तर: ताई, रोज नवीन खेळ आणूच नका. नवा खेळ समजावण्यातच निम्मा वेळ जातो, आणि या वयाच्या मुलांना ठरलेलं आवडतं, तीच गोष्ट दहा वेळा ऐकतात की. कंटाळा येतो कारण त्यांना करायला काही नसतं. उद्या सगळे एका सुरात वाचत असताना फक्त तोंडं बघा, चार-पाच जण पुढे ओढतात आणि बाकीचे त्यांच्या मागून ओठ हलवतात. मीपण कितीतरी महिने तो आवाज ऐकून खूश होते, मग एकदा एका मुलाला एकट्याला उभं केलं आणि त्याच्या देखत मधला 'बदक' पुसून 'कमळ' लिहिलं, तर त्याने घडाघडा सगळं म्हटलं आणि त्या जागी 'बदक'च म्हटलं. फार वाईट वाटलं मला त्या दिवशी.

तेव्हापासून माझा क्रम ठरला. आधी नुसत्या कानाचं काम, पाटी-पेन्सिल काही नाही. 'कापूस'मधला का काढला तर काय उरलं? पूस! 'बाजरी'तला बा काढला तर? जरी. मग पाटी. मी शब्द सांगणार, प्रत्येकाने लिहायचा, 'दाखवा' म्हटलं की सव्वीसच्या सव्वीस पाट्या वर, मग कोण अडलंय ते एका नजरेत कळतं. पहिलीवाल्यांना साधा शब्द द्या, दुसरीवाल्यांना जोडाक्षराचा. शेवटी एक अक्षर बदलायचं, केळ, वेळ, खेळ, पुढचा शब्द पोरांनीच शोधायचा. क्रम रोज हाच, शब्द तेवढे बदलायचे, आणि ते पोरांनीच आणायचे, बिस्किटाच्या पुड्यावरचे, खताच्या गोणीवरचे, एसटीच्या पाटीवरचे. आजचा शब्द उद्या, मग तीन दिवसांनी, मग पुढच्या सोमवारी परत विचारा, पण तक्ता झाकून, कारण थोडं विसरायला लागल्यावर आठवून काढलेलं जास्त टिकतं. बारा मिनिटं झाली की थांबा, पोरं 'अजून एक' म्हणत असली तरी.

आता 'केयी'. ताई, ही चूक नाहीच. आपल्या खानदेशातल्या अहिराणीत, लेवा बोलीत ळचा य होतो, आपल्याकडची माणसं धुळ्याला धुये आणि जळगावला जयगाव म्हणतातच ना. एखाद्याने पाटीवर 'केयी' लिहिलं तर आधी शाबासकी द्या, कारण जे ऐकलं ते त्याने बरोबर अक्षरात उतरवलं, वाचनातली एक अवघड गोष्ट तीच आहे. मग सांगायचं, घरी केयी, पुस्तकात केळी, दोन्ही म्हणून दाखव. गाळ-गाय, काळ-काय, माळ-माय अशा जोड्या पाटीवर घ्या, ळ आपोआप वेगळा ऐकू यायला लागतो. त्याच्या मायची भाषा वर्गात चुकीची ठरवली ना, की पोरगं तोंड उघडणंच बंद करतं.

निपुणचं, म्हणजे तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन-गणित यावं या सरकारी अभियानाचं, दडपण असणार तुमच्यावर, मला कल्पना आहे. दुसरीच्या शेवटी मिनिटाला 45 ते 60 शब्द हे लक्ष्य ठीक आहे, पण घड्याळ या बारा मिनिटांत आणू नका, अक्षर बघताच ओळखू यायला लागलं की वेग मागून येतो.

आणि एक, सध्या कापूस वेचायला घरची मंडळी शेतात, त्यांच्या मागे पोरंही आठ-आठ दिवस गायब. असं मूल परत आलं की त्याला पहिल्याच दिवशी एकटं उभं करू नका. शेजारच्याबरोबर दोघांत एक पाटी द्या, आणि त्या दिवशीचा शब्द त्यालाच विचारा, शेतात काय काय बघितलंस ते सांग म्हणावं. बोंड, सरकी, गोणी, काहीही चालेल.